वारा सुकवता येतो का

विक्रोळीला तिसऱ्या मजल्यावर, रात्रपाळीत,
मी डेन्मार्कचा वारा बघते.
बघते म्हणजे ठिपके.
हिरवा असला की पाती फिरतायत,
पिवळा म्हणजे काहीतरी कुरकुर,
लाल झाला की मी सावरून बसते.

नोकरीला लागले तेव्हा चौऱ्याऐंशी होते.
स्वभावानिशी ओळखायचे मी त्यांना:
बावीस नंबर थंडीत अडून बसणारा,
एकसष्टचं बेअरिंग तापट.
आता सहा स्क्रीन. मोजायचं सोडून दिलं.
दर थोड्या महिन्यांनी उत्तर समुद्रात आणखी एक रांग उगवते,
किनाऱ्यापासून आणखी लांब,
आणि एस्बर्गहून युटेबाई लिहितात,
नवीन आलेत, सांभाळून घे.
जणू वर्गात नवी मुलं.

घरी, वर्सोव्यात, बाबा विचारतात, "कवरा व्हता आज?"
चौदा मीटर. सेकंदाला.
मीटरने कापड मोजतात, असं त्यांचं तोंड होतं.
"नाव काय त्याचा?"
नाव नसतं, बाबा. दोनशे सत्तर अंश असतो.

बाबांच्या वाऱ्यांना नावं आहेत.
पहाटे जमिनीकडून सुटतो तो मतलई, होडी बाहेर काढून देणारा.
दुपारचा खारा, घरी आणणारा.
आणि एक असा, की त्याचं नाव होडीत घ्यायचं नाही.
इंजिन बसवलं त्या वर्षी शीड माळ्यावर गेलं.
त्यातलं निम्मं रात्री जवळ्यावर पांघरतात,
उरलेल्या निम्म्याचं आई जाणे.
डिझेल महागलं की बाबा माळ्याकडे बघतात.
बोलत नाहीत.

परवा तिकडे वादळ उठलं. सगळे हिरवे.
इतके, की दिवे, गाड्या, कारखाने,
थंडीत तापणारी घरं, सगळ्यांचं भागून
वीज उरली.
शेजारच्या देशांनाही नको झाली.
दर शून्यावर आला, मग शून्याच्या खाली,
म्हणजे वीज घ्या, वर पैसेही घ्या.
युटेबाईंचा निरोप: दोनशे थांबव.
मी एकेक रांग निवडली, बटण दाबलं.
पाती वाऱ्याकडे कड करून उभी राहिली
आणि एवढा वारा मधून नुसता निघून गेला.

सकाळी बाबांना सांगितलं.
माझ्या नोकरीतलं पहिल्यांदाच त्यांना सगळं कळलं.
"बोंबलासारखाच," म्हणाले.
एका दिवशी सगळ्या होड्या भरून आल्या होत्या,
लिलावात बोली नाही, बर्फ मिळेना.
पाट्याच्या पाट्या परत खाडीत ओतल्या.
मी सहावीत होते. पाणी रुपेरी झालेलं,
आणि घारी.
मग बिडी विझवत, जरा रागानेच:
"पन एवरा फेकता कशाला? सुकवाचा ना."

वारा कसा सुकवणार, म्हणून मी हसले,
आणि मधेच थांबले.
तिकडे त्याचीच तर खटपट चाललीय.
बॅटऱ्यांची कपाटं, पाणी फोडून वायू,
कुणी वितळलेल्या मिठात उष्णता कोंडून ठेवतंय.
मिठात!
आणि त्यातल्या कुणी वलांडी पाहिलेली नाही:
बांबूंवर ताणलेली दोरी,
जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बोंबील,
पावसाळ्याचं जेवण
उन्हात डुलणारं.

त्या रात्री युटेबाईंना लिहिलं.
इंग्रजीत काही नीट उतरलं नाही.
त्यांनी एक हसरा चेहरा पाठवला, खाली एक ओळ,
बावीस बघ, पुन्हा अडलाय.

बावीसला अकरा मिनिटं लागतात.
आधी मान वळवतो, हुंगल्यासारखं करतो, मग हलतो.
आमच्या इथल्या खिडक्या उघडत नाहीत.
पहाटेचे चार,
म्हणजे वर्सोव्यात मतलई सुटला असणार,
माझ्या कुठल्याच स्क्रीनवर नसलेला.

घरी पोचले तर बाबा गेलेले,
डिझेलचा कॅन मात्र दारातच,
आणि माळ्याला शिडी लावलेली.
आई जवळा पसरत होती, उघड्यावरच.
म्हणाली, आत्ता काही विचारू नको.